लेखांक ६ : फुकटचा स्कॅनर, भाड्याची पेटी

मागच्या लेखांकात ग्राहकाचा पैसा दुकानदाराच्या खात्यात कसा पोचतो ते पाहिले. आता तो स्कॅनर विकणाऱ्याकडे वळू. खामगाव असो की मेहकर, कंपनीचा माणूस दुकानाची पायरी चढतो तो 'शेठ, एक रुपया लागत नाही' असे म्हणतच. वाक्य खोटे नाही. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. मग या माणसाचा पगार निघतो कुठून? थोडा भार सरकार उचलते: २०२४-२५ साठी छोट्या दुकानांतल्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के, एकूण सुमारे १,५०० कोटी रुपये. त्यात कंपन्यांचे भागत नाही. म्हणून विकली जाते ती बोलणारी पेटी, म्हणजे साउंडबॉक्स, आणि तिच्या मागोमाग कर्ज.

माझा आक्षेप पेटीला नाही, 'फुकट' या शब्दाला आहे. कारण त्याच्या आडून येणारे भाडे सगळ्यात छोट्यालाच जड जाते. २०१८ च्या नियमानुसार वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानात डेबिट कार्डाच्या क्यूआर व्यवहारावर फार तर ०.३० टक्के शुल्क लागे. पेटीचे भाडे महिना १०० रुपये धरू. टपरीवर महिन्याला २०,००० रुपये स्कॅनरवर आले तर हे भाडे अर्धा टक्का होते. जुन्या दराने ६० रुपयांत भागले असते. तेहेतीस हजारांच्या पुढे पेटी स्वस्त पडू लागते आणि लाखाच्या धंद्याला तर ती नगण्यच. शिवाय आपल्याकडे सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे फिरतो, श्रावणात गल्ला रिकामा असतो. टक्केवारी गल्ल्याबरोबर खाली येते, भाडे येत नाही.

पेटीमुळे फसवणूक टळते, असे यावर म्हटले जाईल, आणि ते खरेच आहे. प्रकटदिनाच्या गर्दीत शेगावच्या कचोरीवाल्याला दर गिऱ्हाइकाचा मोबाइल तपासणे शक्य नाही. तिथे खोट्या स्क्रीनशॉटवर पेटी हाच उतारा आहे. पण दिवसाला दहा-बारा स्कॅन होणाऱ्या दुकानात स्वतःच्या मोबाइलवरचा संदेश पुरतो. दुसरी शंका दुकानदाराचीच: स्कॅनर लावला की करवाले येतील. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा गेल्या, तेव्हापासून ही भीती निराधारही म्हणता येत नाही. मात्र जीएसटीची नोंदणी उलाढालीवर ठरते, फक्त माल विकणाऱ्याला चाळीस लाखांवर. पैसा रोख आला की स्कॅनरवर, याने ती मर्यादा बदलत नाही. उलट प्राप्तिकराच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत रोख विक्रीवर आठ टक्के नफा धरतात, डिजिटल विक्रीवर सहा. विकणाऱ्याच्या तोंडी हा हिशेब क्वचितच असतो.

आणि खामगाव-मेहकरचा हा जिल्हा नुसत्या गोड बोलण्यावर आता भुलेल असे नाही. मलकापूर अर्बन बँकेचा परवाना जुलै २०२३ मध्ये रद्द झाला. तेव्हापासून 'पैसा कोणत्या बँकेत, किती वेळात जमा होणार' हा प्रश्न दरापेक्षा मोठा झाला असेल तर नवल नाही. विकणाऱ्याने आधी त्याचे उत्तर द्यावे, मग भाडे सांगावे, आणि पेटी परत कशी करायची तेही त्याच बैठकीत. रोजच्या गल्ल्यातून हप्ता कापणाऱ्या कर्जाचे गणित पुढच्या आठवड्यात.