पुढच्या चाकाचा आवाज : आधी निदान, मग खर्च

सभासद बंधूंनो,

मी काही मेकॅनिक नव्हे. शेतकीची पदविका घेतलेला, बेणे, खत आणि पाणी यांत वावरणारा माणूस. पण गळीत हंगामात उसाची खेप रस्त्यात अडली की पहिली हाक शेतकी खात्यालाच येते. म्हणून या अंकात लागणीऐवजी ट्रकच्या पुढच्या चाकाविषयी लिहितो आहे. निमित्त आपल्या पळसदेव गटातल्याच एका सभासदाच्या गाडीचे आहे.

उजनीच्या पाण्यात जुने पळसदेव गेले आणि गाव पुणे-सोलापूर महामार्गाला येऊन वसले. त्यामुळे आपली भरलेली गाडी शेतातल्या पाणंदीतून निघते ती थेट महामार्गावर. पाणंदीत चाक बसले तर ट्रॅक्टरने ओढून काढता येते. महामार्गावर चाक जाम झाले किंवा निखळले तर काय होईल, हे सांगायला नको. मागून मोटारसायकलवाला येत असतो, एस.टी. येत असते.

या सभासदाच्या ट्रकचा पुढचा ॲक्सल खड्ड्यात वाकला होता. त्याने दुसरा ॲक्सल बसवून घेतला. गाडी सरळ चालू लागली, पण वेग धरला की पुढून 'घूंऽऽ' असा आवाज येई. ड्रायव्हर म्हणाला, "डावीकडून येतोय." डाव्या चाकाचे बेअरिंग बदलले, तरी आवाज तसाच. मग कोणी म्हणाले टायर, कोणी म्हणाले गिअरबॉक्स. दोन दिवस गाडी उभी राहिली. टोळी फडात बसून आणि तोडलेला ऊस उन्हात. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आपण नेहमी सांगतो. त्यापुढे उसाचे वजन घटते आणि साखरही उतरते. वजनाचा तोटा शेतकऱ्याचा, उताऱ्याचा तोटा सगळ्यांचा.

शेवटी एका जुन्या मिस्त्रीने रिकामी गाडी मोकळ्या माळावर नेली, बेताच्या वेगात डावी-उजवीकडे वळवून पाहिली आणि दहा मिनिटांत दोष सांगितला. दोष उजव्या चाकात होता! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार झाला होता. त्या मिस्त्रीची रीत सर्वांना उपयोगी पडावी म्हणून पुढे देतो.

पहिली गोष्ट, आवाज कशाबरोबर बदलतो ते पाहा. सपाट मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबा. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाचा नाही, चाकाकडचा आहे असे धरून पुढे चला. ब्रेकवर हलका पाय ठेवताच आवाज बदलला तर ड्रम आणि लायनर तपासा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'खर्र' होत असेल, तर ड्रम लंबगोल झालेला असतो किंवा मागचा पत्रा घासत असतो. खड्ड्यात 'खटखट' वाजत असेल तर किंगपिन, बुश, पाट्यांचे शॅकल आणि यू-बोल्ट पाहावेत. वेगाबरोबर वाढणारी एकसारखी घरघर ही बहुधा बेअरिंगची किंवा टायरची असते.

दुसरी गोष्ट वळणाची. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकावर जातो, उजवीकडे वळते तेव्हा डाव्यावर. ज्या चाकावर भार गेल्यावर घरघर वाढते, त्या चाकाच्या बेअरिंगवर पहिला संशय घ्यावा. कानावर विसंबू नये, कारण आवाज ॲक्सलच्या लोखंडातून इकडचा तिकडे जातो. आपल्या ड्रायव्हरची फसगत तिथेच झाली.

तिसरी गोष्ट, चाक उचलून पाहा. गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि ॲक्सलखाली भक्कम घोडी द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. चाक वर-खाली धरून हलवा. ढिलेपणा लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर तो बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा. मग चाक डावी-उजवीकडे हलवा. तेवढ्यातच खेळ असेल तर टाय रॉडचे सांधे पाहावेत. शेवटी चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात पाट्यावर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर पाट्यात खरखर जाणवते.

टायरवरून तळहात फिरवायलाही विसरू नका. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखे लागले, तर चाकांचे टो-इन चुकले आहे. ॲक्सल बदलल्यावर टो-इन पुन्हा मोजून लावायचेच असते. तसे न केल्यास नवा टायरही काही दिवसांत गुणगुणू लागतो.

आता आपल्या गाडीचा दोष. ॲक्सल नवा आला, पण हब जुनेच चढवले. उजव्या हबमध्ये बेअरिंगचा आतला कोन नवा बसवला आणि बाहेरचा कप जुनाच राहू दिला. कप काढायला वेळ लागतो, म्हणून! त्या कपावर घासून खड्डे पडले होते आणि नवे रोलर त्याच खड्ड्यांवरून धावत होते. कप आणि कोन ही जोडी आहे. बदलायची तर दोन्ही एकदम, सोबत ग्रीसचे सीलही नवे.

बसवताना नट आवळण्यातही चूक होते. हब दोन्ही बाजूंना फिरवत नट आवळावा, मग कंपनीच्या पुस्तकात त्या गाडीसाठी दिले असेल तितका मागे घ्यावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. फार आवळला तर बेअरिंग तापून जळते, ढिला राहिला तर चाक डोलते. पहिली खेप टाकून आल्यावर व्हील नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. चार-पाच किलोमीटर चालवून दोन्ही हबजवळ उलटा हात नेऊन पाहावा. एकच बाजू जास्त तापली असेल तर तिथे बेअरिंग आवळलेले आहे किंवा ब्रेक धरतो आहे. अशी गाडी भरू नये.

पूर्वी बैलगाडीचा कणा कुरकुरला की आपण लगेच वंगण घालत होतो. ट्रकची कुरकुर मात्र आपण "खेप टाकून येऊ, मग बघू" म्हणून पुढे ढकलतो. त्या एका खेपेत पंधरा-वीस हजार किलोंचा भार त्याच चाकांवर असतो आणि केबिनमध्ये कोणाच्या तरी घरचा माणूस बसलेला असतो.

तेव्हा वाहतूकदार बंधूंना विनंती, की आवाज आला तर गाडी भरण्याआधी गट कार्यालयात कळवावे. दुसरे वाहन फिरवून देता येते. मात्र ऊस तोडण्याआधी कळले तर सगळ्यांचीच सोय होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी