काळ्या पाषाणातलं खारं तळं

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्यात विहीर खणायला घेतली की आधी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. सुरुंग लावल्याशिवाय तो हलत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसाल्ट. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला याच खडकावर आकाशातून अशनी आदळला. खडक फुटला, वितळला आणि त्या खळग्यात तळं साठलं. शिरूर-दौंडच्या सपाट मुलखातल्या माणसाने थोडी पायपीट करून रानातलं तळं बघायचं ठरवलं, तर त्याने लोणारच गाठावं.

फक्त इथे आधी उतरायचं असतं. चढ येतो तो दमल्यावर.

काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. तिथून जुन्या मंदिरांजवळून पायवाट खाली जाते. उतारावर साग, सीताफळ, पाण्याजवळ बाभळी. मोर ओरडतात, वानरं फांद्या हलवतात. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणून समोरचा काठ दिसतो, पण त्यावरचं झाड ओळखू येत नाही.

पाण्याशी पोचलं की आधी उग्र वास येतो. चिमूटभर हळद तळहातावर घेऊन तिच्यावर तळ्याचं पाणी टाकावं. हळद तांबडी होते. पाणी इतकं अल्कधर्मी आहे. झरे आणि पावसाचं पाणी आत येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. पाणी उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्याचं कारण सांगितलं.

हे विवर ज्वालामुखीचं असावं, असं बराच काळ मानलं जाई. प्रचंड धक्क्यानेच बनणारी काच इथल्या खडकात सापडली आणि १९७३ च्या सुमारास तो वाद मिटत गेला. २०१० च्या एका अभ्यासाने त्याचं वय सुमारे पावणेसहा लाख वर्षं काढलं. चंद्र आणि मंगळावरही बेसाल्ट आहे. तिथली विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ या उतारावरचे दगड तपासतात. म्हणूनच इथला खडा आठवण म्हणून खिशात घालू नये. २००० पासून हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही.

परतीचा चढ उन्हाआधी उरकलेला बरा. घामाघूम होऊन माणूस पुन्हा धारेपाशी येतो, तोंडावर पाणी मारतो. हेच गोडं पाणी खाली तळ्यात उतरतं आणि खारं होतं.