विश्लेषण : सोलापूर म्हटले की चादरच का आठवते?

नागपूर म्हटले की संत्री, कोल्हापूर म्हटले की चप्पल आणि सोलापूर म्हटले की चादर. ही उत्तरे देताना कोणाला क्षणभरही थांबावे लागत नाही. वास्तविक सोलापूरकडे सांगण्यासारखे आणखी बरेच आहे. तरीही ‘अस्सल सोलापुरी’ हा मान चादरीकडेच कसा गेला? आणि या मानाचा फायदा चादर विणणाऱ्यांना झाला का?

एखादी वस्तू ‘खास उदाहरण’ कशी ठरते?

कोणालाही पक्ष्याचे नाव विचारा. चिमणी, कावळा किंवा पोपट हे उत्तर येईल. शहामृग हाही पक्षीच, पण तो पटकन कोणी सांगत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलेनॉर रॉश यांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला. माणसाच्या मनात कोणत्याही गटातील सगळी उदाहरणे समान नसतात. काही उदाहरणे गटाच्या मधोमध बसतात, तर काही काठावर राहतात, असे त्यांनी दाखवून दिले. गटातील इतरांशी ज्याचे सर्वाधिक साम्य, ते उदाहरण मधोमध.

पुढे १९८५ मध्ये लॉरेन्स बार्सालू यांनी दुसरी बाजू मांडली. ‘वजन कमी करताना खायचे पदार्थ’ असा गट घेतला, तर त्यात उत्तम उदाहरण सरासरी पदार्थाचे नसते. ज्यात उष्मांक जवळपास नाहीतच, असा पदार्थ सर्वात आधी आठवतो. म्हणजे उदाहरण कोणते निवडले जाईल, हे निवडणाऱ्याला ते कशासाठी हवे आहे यावरही ठरते. शहराची ओळख सांगणारी वस्तू निवडताना नेमके हेच घडते.

सोलापुरात दावेदार कोण कोण?

पहिला दावा गड्ड्याचा. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांची ही यात्रा मकर संक्रांतीच्या सुमारास भरते. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा आणि होम मैदानावरचा बाजार यांसाठी बाहेरगावी गेलेले सोलापूरकर परत येतात. पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली समाजासाठी नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सवही तितकाच आपला आहे.

दुसरा दावा इतिहासाचा. मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लादला गेला. त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. चार नावांतच शहराचा स्वभाव दिसतो. चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ मध्ये निधन झालेले डॉ. द्वारकानाथ कोटणीसही सोलापूरचेच. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला.

तिसरा दावा जेवणाच्या ताटाचा. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटून केलेली शेंगा चटणी, सोबत पापडासारखी कडक भाकरी. अलीकडच्या लोकप्रिय संस्कृतीत पाहायचे तर करमाळा तालुक्याच्या मातीत घडलेले नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ आहेत. या चित्रपटांमुळे जिल्ह्याची बोली राज्यभर पोहोचली.

मग चादरच का जिंकली?

कारण हा निकाल बाहेरच्यांनी लावला. आतला माणूस आपल्याला एकत्र बांधणारी गोष्ट निवडतो. म्हणून सोलापूरकराला आधी गड्डा आठवतो. बाहेरच्याला मात्र हे शहर इतर शहरांपेक्षा वेगळे ओळखता येईल अशी खूण हवी असते. यात्रा तर गावोगावी भरते. सोलापूरचे नाव जोडलेली चादर मात्र एकच.

दुसरे कारण प्रवासाचे. गड्डा पाहायला सोलापूरला यावे लागते, पण चादर स्वतःच बाहेर पडते. ती आहेरात दिली जाते, वसतिगृहात जाणाऱ्या मुलाच्या ट्रंकेत जाते, एसटीच्या रात्रीच्या प्रवासात अंगावर येते. अंथरायला आणि पांघरायलाही चालते. धुऊन धुऊन मऊ होते, पण वर्षानुवर्षे टिकते. तिची नक्षी छापलेली नसते. जेकार्ड यंत्रावर ती विणतानाच उमटते. एका बाजूला गडद दिसणारा भाग उलट बाजूला फिकट दिसतो. म्हणूनच लांबूनही ती ओळखता येते.

या निवडीत कोण झाकले गेले?

चादरीमागे मोठी वस्त्रपरंपरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात कापड गिरणी सुरू झाली. लोक तिला पुढे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. नंतर आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग चालवले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी मागांची खडखड पूर्व भागात टिकली.

पण त्याच घरांतील बाई काय करत होती? माग चालवणाऱ्या पुरुषाच्या शेजारी बसून ती बिडी वळत होती. सोलापुरातील हजारो महिलांच्या हाताला आजवर याच कामाने रोजगार दिला. अनेक घरांची चूल त्यावर पेटली. तरीही ‘सोलापूरची ओळख काय’ या प्रश्नाला ‘बिडी’ असे उत्तर कोणी देत नाही. बिडी आहेरात देता येत नाही. शहराचे ‘खास उदाहरण’ म्हणजे शहराचे पूर्ण चित्र नव्हे, ते लक्षात ठेवायला हवे ते यासाठी.

नाव गाजल्याने तोटा कसा होतो?

उदाहरण फारच लोकप्रिय झाले की त्याचे सामान्यनाम होते. कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर काढलेली प्रत ‘झेरॉक्स’ होते, कोणतेही वनस्पती तूप ‘डालडा’ ठरते. तसेच जाड, नक्षीदार सुती चादर दिसली की ती ‘सोलापुरी’. मग ती कुठे विणली हे कोणी विचारत नाही. बाहेर तयार झालेला स्वस्त माल ‘सोलापुरी’ म्हणून खपवला जातो, ही इथल्या उत्पादकांची जुनी तक्रार आहे. त्यात कृत्रिम धाग्याच्या हलक्या, उबदार ब्लँकेटची स्पर्धा आली. अनेक कारखानदार टेरी टॉवेलकडे वळले. म्हणजे शहराची खूण म्हणून चादर पक्की झाली आणि शहराचा धंदा म्हणून ती मागे पडत गेली.

कायदा काय म्हणतो?

भौगोलिक निर्देशांक अर्थात ‘जीआय’ कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना २००५-०६ मध्ये हे मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील अगदी सुरुवातीच्या मानांकनांपैकी ही दोन. पुढे २०१६ मध्ये मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचे डाळिंबही या यादीत आले. जे नाव आधीच सामान्यनाम झाले आहे, त्याची या कायद्याखाली नोंदणी होत नाही. म्हणून वेळेत नोंदणी होणे महत्त्वाचे होते.

नोंदणी १० वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या भागात माल बनवणाऱ्या उत्पादकानेही ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करायची असते. खोटा निर्देशांक लावल्यास किमान ६ महिने ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र कायदा आपोआप दुकानात जाऊन तपासणी करत नाही. कोणी तरी तक्रार करावी लागते, खटला लढवावा लागतो. छोट्या यंत्रमागधारकाला हे परवडणे कठीण.

ग्राहकाने काय पाहावे?

चादर उलटून पाहावी. नक्षी दोन्ही बाजूंनी दिसायला हवी. एकाच बाजूला रंग असेल तर ती छापील आहे. धागा सुती आहे का, हे हाताला कळते. उत्पादकाचे नाव, पत्ता आणि जीआय बोधचिन्ह आहे का, हे विचारावे. ‘सोलापुरी आहे का?’ या प्रश्नाला दुकानदार ‘हो’च म्हणणार. त्याऐवजी ‘सोलापुरात कोणी विणली?’ असे विचारले, तर उत्तरात एखाद्या कारखान्याचे नाव यावे लागते. चादरीवरचे शहराचे नाव खरे ठरते ते तिथेच.