मधल्या पट्ट्यातली मुलं

आजचा विषय आपल्या घरांत दबक्या आवाजातच निघतो. मुलगा १४ वर्षांचा. आजीला फोनवर मराठीत हसवतो, शेजाऱ्यांशी इंग्रजीत गप्पा मारतो. पण गणितातलं शाब्दिक उदाहरण तीनदा वाचूनही उमगत नाही. आपण म्हणतो, "आळशी आहे."

बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरतात. साधारण ७० च्या खाली बौद्धिक अक्षमतेचा विचार होतो. ७० ते ८५ हा मधला पट्टा. शंभरातली १३-१४ मुलं त्यात येतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनेच्या १९६१ च्या व्याख्येत यांतली मुलंही 'मतिमंद' ठरू शकत. १९७३ मध्ये रेघ खाली सरकली. शिक्का पुसला हे बरंच झालं. मात्र आज ही मुलं ना इकडची, ना तिकडची.

आपण मागे पडतोय हे या मुलांना नीट कळतं. वर्गातला विनोद दोन क्षण उशिरा समजतो, मग आपल्यालाच हसताहेत असं वाटतं, आणि कधीकधी ते खरंही असतं. त्यात भारतातून फोन, "कितवा आला?" (इथे नंबर काढत नाहीत, हे सांगून सांगून आपण थकलो.) चिंता आणि नैराश्य यांचं प्रमाण या मुलांत इतरांपेक्षा जास्त आढळतं. पण "मला उदास वाटतं" असं ती सहसा म्हणत नाहीत. सकाळी पोट दुखतं, दार आपटतं, झोप उडते. आणि मोठी माणसं, कधी डॉक्टरसुद्धा, म्हणतात, "त्याची समजच तेवढी." आजार त्या वाक्याखाली झाकला जातो.

मुलगा पब्लिक स्कूलमध्ये असेल तर मूल्यमापनाची मागणी लेखी करा. तोंडी बोलणं विरून जातं. मूल्यमापन मोफत असतं. शाळेने ते करायचं ठरवलं, की तुमच्या संमतीनंतर साधारण ६० दिवसांत व्हायला हवं. काही राज्यांची मुदत वेगळी आहे. अभ्यासाबरोबर मनाचीही तपासणी मागा, आणि घरी मराठी बोलतो हे पत्रात लिहा.

समुपदेशकाला आधीच सांगा: छोटी वाक्यं, चित्रं, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा. घरीही "कसं वाटतंय?" पेक्षा "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" याला उत्तर लवकर मिळतं.

जगणं नको झालंय असं मूल बोललं, तर थांबू नका. ९८८ या क्रमांकावर फोन किंवा मेसेज करा. तिथे चोवीस तास माणूस असतो.