प्रतिकृतींचा छंद

मनुष्य उपजीविकेसाठी जो उद्योग करतो, त्याची निवड पुष्कळदा परिस्थिती करते. छंदाची निवड मात्र तो स्वतः करतो. कोणी टपाल तिकिटे जमवितो, कोणी पक्ष्यांचे निरीक्षण करतो, तर कोणी वर्षानुवर्षे एका मेजावर बसून रेल्वेगाड्या आणि विमाने घडवीत राहतो. मोठ्या माणसाने आगगाडीशी खेळावे, याचे पाहणाऱ्याला हसू येते. परंतु या छंदाचे अंतरंग जाणून घेतले, म्हणजे ते हसू कौतुकात बदलल्यावाचून राहत नाही.

प्रथम खेळणे आणि प्रतिकृती यांतील भेद समजून घेऊ. जत्रेत मिळणारी पत्र्याची आगगाडी आगगाडीसारखी ‘दिसते’, एवढेच. तिची चाके, खिडक्या आणि डबे यांचा एकमेकांशी मेळ असेलच असे नाही. प्रतिकृतीत मात्र मूळ वस्तूचे प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान केलेले असते. यालाच ‘प्रमाणबद्धता’ म्हणतात. रेल्वेच्या प्रतिकृतींमध्ये जगभर सर्वांत रूढ असलेले प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. त्यात मूळ वस्तूच्या ८७ मिलिमीटरसाठी प्रतिकृतीत १ मिलिमीटर धरतात. याहून लहान असलेल्या ‘एन’ प्रमाणात हेच गुणोत्तर साधारणपणे १६० ला १ असे असते.

हा हिशोब भारतीय गाडीला लावून पाहू. आपल्या ब्रॉडगेज मार्गावर दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने भागले, की १९.३ मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारे एचओ रूळ मात्र १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. कारण ते युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेले आहेत. म्हणजे तयार रुळांवर भारतीय गाडी चालवायची, तर रुळांतील अंतर चुकते. आणि अंतर बरोबर हवे असेल, तर रूळ स्वतः तयार करावे लागतात. किती अचूकता पुरेशी मानावी, हा प्रश्न छांदिष्टापुढे अगदी पहिल्या दिवशी उभा राहतो.

दुसरी अडचण जागेची. पुणे ते लोणावळा हे रेल्वेचे अंतर ६४ किलोमीटर आहे. एचओ प्रमाणात ते सुमारे ७३५ मीटर होईल! एवढा दिवाणखाना कोणाकडे असणार? म्हणून मार्गातील नेमके काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवावे लागते. एखादे स्थानक, एक बोगदा, एक पूल आणि एक वळण एवढ्यातूनच घाटातील प्रवासाचा भास निर्माण करावयाचा असतो. निबंध लिहिणाऱ्यालाही सर्व काही सांगता येत नाही. त्यालाही असेच निवडावे लागते.

गाडी चालते ती विजेवर. नेहमीच्या पद्धतीत दोन रुळांमधून बारा व्होल्टपर्यंतचा कमी दाबाचा प्रवाह जातो आणि चाकांमार्फत इंजिनातील लहानशा मोटारीला मिळतो. प्रवाहाची दिशा उलटविली, की गाडीही उलट दिशेने धावू लागते. सांधे बदलणे, सिग्नल पाडणे, एका मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडणे, हे सारे करताना छांदिष्टाला सुताराचे, विजेच्या कारागिराचे, रंगाऱ्याचे आणि स्टेशनमास्तरचे काम आळीपाळीने करावे लागते.

विमानांच्या प्रतिकृती दोन प्रकारच्या असतात. काही केवळ पाहण्यासाठी असतात, तर काही खरोखर उडतात. पहिल्या प्रकारात ७२ ला १ आणि ४८ ला १ ही प्रमाणे विशेष प्रचलित आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पुस मॉथ’ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले. त्या जातीच्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२ मीटर होता. ७२ ला १ या प्रमाणात तो साडेपंधरा सेंटिमीटर भरतो. ते विमान तळहातावर मावते. परंतु ते घडवायचे, तर मूळ विमानाची छायाचित्रे आणि आराखडे बारकाईने अभ्यासावे लागतात. वस्तू लहान करण्यासाठी आधी ती पुरती जाणून घ्यावी लागते.

उडणाऱ्या प्रतिकृतीसाठी बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड वापरतात. आपल्या देशात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागातील छात्रांना विमानप्रतिकृती बनविण्याचे व उडविण्याचे शिक्षण दिले जाते. येथे केवळ हुबेहूबपणा कामाचा नसतो. वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर तिचे पृष्ठफळ चौपट होते. पण तिचे वजन आठपट होते. म्हणून लहान आकारात सहज उडणारी रचना मोठ्या आकारात उडेलच असे नाही.

हा अनुभव राइट बंधूंनी बालपणीच घेतला होता. १८७८ मध्ये त्यांच्या वडिलांनी त्यांना रबराच्या पिळावर उडणारे एक खेळणे आणून दिले. मुलांनी तसेच खेळणे स्वतः बनविले. मात्र त्याचा आकार वाढविला, की ते नीट उडेना. त्यामागील कारण त्यांना त्या वयात उमगले नाही. पण कुतूहल कायम राहिले. १९०१ मध्ये त्यांनी वायुबोगदा तयार करून पंखांच्या सुमारे दोनशे छोट्या नमुन्यांची परीक्षा घेतली आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान आकाशात झेपावले.

प्रतिकृतींचा आणखी एक उपयोग दुसऱ्या महायुद्धात दिसून आला. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून विमानांच्या पाच लाख प्रतिकृती बनवून घेण्याची योजना आखली. ७२ ला १ प्रमाणातील प्रतिकृती १० मीटरवरून पाहिली, की खरे विमान ७२० मीटरवरून जेवढे दिसते, तेवढीच ती दिसते. त्यामुळे सैनिकांना आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते, हे ओळखण्याचा सराव करता येई.

असे उपयोग असले, तरी बहुतेकांचा छंद उपयोगाच्या हिशोबावर चालत नाही. अमेरिकेतील छायाचित्रकार जॉन ॲलन यांनी कॅलिफोर्नियातील माँटरे येथे आपल्या घराच्या तळघरात एक विलक्षण रेल्वे उभारली. जमिनीपासून छतापर्यंत पोहोचणारे पर्वत, दऱ्यांवरील पूल, धुराने काळवंडलेली इंजिने अशी ती सृष्टी होती. १९७३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच त्या घराला लागलेल्या आगीत ती रेल्वे जवळजवळ नष्ट झाली. मग आयुष्यभराचे श्रम वाया गेले, असे म्हणावे काय? ॲलन यांनी आपल्या कामाची छायाचित्रे काढली होती आणि आपल्या पद्धती लेखांतून इतरांना सांगितल्या होत्या. त्यामुळे जगभरचे छांदिष्ट त्यांच्याकडून आजही शिकतात.

आपल्याकडील उदाहरण पुण्याचे आहे. भाऊ जोशी यांनी छोट्या आगगाड्यांचा छंद आयुष्यभर जोपासला आणि १९९८ मध्ये कोथरूड येथे लघुरेल्वेचे संग्रहालय सर्वांसाठी खुले केले. तेथे वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान गाडीपर्यंत अनेक गाड्या एका लहानशा शहरातून धावतात. त्यांच्या पश्चात कुटुंबीयांनी हे काम पुढे चालविले. घरात सुरू झालेला छंद असा अनेकांचा झाला.

या छंदाने माणसाला पैसा मिळतोच असे नाही. उलट थोडा खर्चच होतो. तथापि तो मोजायला शिकवितो, थांबायला शिकवितो आणि बिघडलेले काम पुन्हा करण्याचे बळ देतो. त्यासाठी शाळेचा दाखला लागत नाही, की वयाची अट आड येत नाही. महागडे साहित्य नसेल, तर पुठ्ठा, कात्री, डिंक आणि मोजपट्टी एवढ्यावरही आरंभ करता येतो. आपल्या गावच्या स्थानकाची इमारत मोजावी, एखादे प्रमाण ठरवावे आणि पहिली भिंत कापावी. ती भिंत उभी राहीपर्यंत, रोज डोळ्यांसमोर असलेली ती इमारत आपण कधी नीट पाहिलीच नव्हती, हे आपल्या लक्षात येईल.