मोठी तलवार की ढाल?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये फायटर व्हायचं ठरलं की पहिला मोह होतो तो दोन्ही हातांनी चालवायच्या भल्यामोठ्या तलवारीचा. पण थांबा, आधी हिशेब करू.

२०१४च्या नियमांनुसार ग्रेटस्वोर्डसाठी सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. ‘ग्रेट वेपन फायटिंग’ स्टाइल घेतलीत, तर १ किंवा २ आलेला फासा पुन्हा टाकता येतो. सरासरी डॅमेज ८.३. एका हातातल्या लाँगस्वोर्डला आठ बाजूंचा एकच फासा, सरासरी ४.५, त्यात ‘ड्युएलिंग’चे २ मिळवा, झाले ६.५. म्हणजे वारामागे फरक दोनचाही नाही! शिवाय दुसरा हात ढालीला मोकळा. ढालीने आर्मर क्लास २ने वाढतो, म्हणजे शत्रूच्या वीस बाजूंच्या फाशावरचे दोन आकडे सहसा बाद.

दोन हातांत दोन छोट्या तलवारी? दिसतं भारी, पण दुसऱ्या वारात बोनस अ‍ॅक्शन खर्ची पडते.

मग घ्यायचं काय? आधी टीमकडे बघा. मागे नाजूक विझार्ड असेल आणि दार अडवायला दुसरं कुणी नसेल, तर ढाल घ्या. तुम्ही जितके टिकाल, तितका तो वाचेल. ढालवाला आधीच असेल, तर उचला की मोठी तलवार!