घामाचा दाम

अलिबागच्या आसपास बंगल्यांची कामे बरीच निघतात. मालक पुष्कळदा मुंबईचा असतो. गवंडी, सुतार, रंगारी आपल्या गावचे.

समजा, एका गवंड्याने कुंपणाची भिंत उक्ती घेतली. सारे बोलणे तोंडी झाले. काम पुरे झाले. मालक म्हणाला, "पुढच्या खेपेला देतो." ती खेप काही आली नाही. इकडे पाऊस तोंडावर आला. कामे थांबली. वाण्याची उधारी मात्र वाढली!

असे होऊ नये म्हणून आपण काय करावे?

काम धरण्याआधी कागद करावा. काम कोणते, माल कोणाचा, रक्कम किती, पैसे केव्हा, हे त्यात लिहावे. दोघांनी सह्या कराव्या. एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. थोडे पैसे आधी घ्यावे. पाया झाला की काही, भिंत उभी राहिली की काही, असे हप्ते ठरवावे. जादा काम सांगितले, तर तेही लिहून घ्यावे. मिळालेला पैसा तारखेसह वहीत टिपावा.

तरीही पैसे अडले तर? पोस्टाने मागणीपत्र धाडावे. पावती जपावी. नुसती वाट पाहत बसू नये. दाव्याला साधारणपणे ३ वर्षांचीच मुदत असते. अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे सल्ला मिळतो. १९८७ च्या कायद्याने बायामाणसांना आणि गरिबांना वकीलही फुकट मिळतो. लोकअदालतीत तडजोड होते. तिथे कोर्ट फी लागत नाही.

आपले पैसे मागणे म्हणजे भीक नव्हे. आपण आता लिहू-वाचू लागलो. मग आपल्या घामाचा हिशेब दुसऱ्याच्या तोंडी का ठेवावा?